पाव फेरा

१

इंदूरहून चार तासांवरच्या गावात, लालबागेतल्या त्या गल्लीत सकाळी सातला माग सुरू व्हायचे. खटक-खटक, खटक-खटक, भिंतीसुद्धा हलताहेत असं वाटायचं. मोतीलालला मात्र तो आवाज ऐकू येत नसे. अडतीस वर्षं त्यानं असल्याच मागांवर कापड विणलं होतं. आवाज कानात इतका मुरला होता, की लाईट जाऊन माग एकदम थांबले तरच तो दचकायचा. बारीक आवाज त्याला ऐकू यायचे ते तेवढ्या वेळातच. नळाचं ठिबकणं, पत्र्यावर खारीची पावलं, सरुबाईचा श्वास.

घर दोन खोल्यांचं आणि मागे अंगण. अंगणाला तीन बाजूंनी भिंती, फक्त पूर्व मोकळी, म्हणून ऊन यायचं ते तिकडूनच. मागच्या खोलीची गजांची खिडकी अंगणात उघडायची आणि त्या खिडकीखाली सरुबाईची नवारीची खाट होती. अंगण तिचं होतं. रंगाचे रिकामे डबे, फुटकी घमेली, मातीच्या कुंड्या, जे हाताला लागेल त्यात तिनं काहीतरी लावलेलं. मेथी, कोथिंबीर, पुदिना, वांगी, मिरच्या, टोमॅटो. तुळस, जास्वंद, मोगरा. आणि पत्र्यावर चढवलेला गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल. त्याचं बी तिच्या माहेरचं, तुकईथडचं.

तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. लेक हिमानी इंदूरला राहायची, तिनंच सगळं ठरवलं. मोतीलालही निघाला होता, पण सरुबाईनं त्याला बसवलं.

"तुम्ही तिथं येऊन काय करणार? बाकावर बसून रडणार. इथं पाणी तरी घालाल."

जायच्या आदल्या दिवशी खाटेवर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं.

"माती वरून ओली दिसली म्हणून फसायचं नाही. बोट घालायचं, दोन पेरं. माती चिकटून आली तर पाणी नाही."

"बरं."

"मेथीला रोज, वांग्याला एक दिवस आड. टोमॅटोची पानं आखडली तर पातळ ताक शिंपडा. पिऊन टाकू नका."

"मी कशाला पिईन?"

"चव्वेचाळीस वर्षं बघतेय. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत जा, नाहीतर ती लवकर म्हातारी होते."

"आपल्या कोणी खुडल्या नाहीत."

ती हसली. हसताना तिला धाप लागली.

"वेल बांधायचा तर सैल बांधायचा. तो जाड होतो, दोरी होत नाही. नवं रोप लावलं की मूळ धरलं का ते उकरून बघायचं नाही. आणि रविवारी कुंड्या फिरवायच्या. पाव फेरा. सगळ्या अंगाला ऊन लागलं पाहिजे. एकदम उलट्या करायच्या नाहीत, झाड घाबरतं."

"बरं."

"आणि कोवळ्या गिलक्याकडे..."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि तर्जनी मधल्या पेरात वाकवून त्यानं हवेत दाखवलं.

कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवलं की ते सडतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. दाखवायचंच तर बोट वाकवून. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो याला हसला होता. पुढे त्याचंही बोट आपोआप वाकायला लागलं.

सकाळी रिक्षात बसताना ती म्हणाली, "येते हं. माझ्या झाडांना एकटं सोडू नका."

२

ती गेली त्याच दिवशी मोतीलालनं तिची खाट उलटी केली, सैल पडलेली नवार ओढून ओढून आवळली आणि खाट पुन्हा खिडकीखाली ठेवली. आल्यावर तिच्या पाठीला बरं वाटेल एवढाच विचार त्यात होता. बोटानं टिचकी मारली तर नवार ढोलकीसारखी वाजली.

पाचव्या दिवशी मेथीला पाणी घालताना त्याचा हात थांबला. मेथी झुकली होती. झुकणारच, कोवळी असते. पण ती उन्हाकडे झुकली नव्हती. ऊन पूर्वेकडून येत होतं आणि मेथीनं त्याच्याकडे पाठ केली होती. तिची सगळी डोकी खिडकीकडे होती.

मग त्याला इतर झाडं दिसायला लागली. पुदिना खिडकीकडे. मिरच्या खिडकीकडे. तुळशीचा शेंडा तर वाकलेला, कोणी हाक मारल्यावर माणूस मान वळवतो तसा.

'माझंच चुकलं,' तो मनात म्हणाला. रविवारी कुंड्या फिरवल्या होत्या, त्या जास्त फिरल्या असतील. तो तिसरीपर्यंत शिकलेला. पाव म्हणजे किती हे त्याला भाकरीवरून कळायचं, कुंडीवरून नाही. त्यानं चुन्याची डबी आणली, झाडं नीट उन्हाकडे केली आणि प्रत्येक कुंडीवर पूर्वेच्या बाजूला बोटानं एकेक पांढरा ठिपका दिला. आता चुकायचं कारण नव्हतं.

तीन दिवसांनी ठिपके पूर्वेलाच होते. कुंड्या जागच्या हलल्या नव्हत्या. झाडं मात्र पुन्हा आत बघत होती.

शेजारची मंगला शाळेत विज्ञान शिकवायची. ती वाटीभर पुदिना न्यायला आली तेव्हा त्यानं तिला हळूच विचारलं.

"झाड कुठं झुकतं गं, बाई?"

"उजेडाकडे, काका. ये तो चौथीच्या पुस्तकात आहे." मग तिनं अंगणाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, परत अंगणाकडे पाहिलं. "अरे, हे तर उल्टं झालं! त्या खोलीत लाईट लावून ठेवता का रात्रभर?"

"नाही. ती खोली बंदच असते."

"मग भिंतीवरून ऊन परत येत असेल. रिफ्लेक्शन." पुदिना खुडता खुडता ती म्हणाली, "काका, आप अकेले बहुत सोचते हो. मावशी आल्या की सगळं सरळ होईल."

ती गेल्यावर मोतीलालनं खिडकीतून आत बघितलं. आतल्या भिंतीला निळा रंग होता, तोही जुना, काळपट. तिच्यावरून ऊन परत येण्यासारखं काही नव्हतं. खाटेची नवार मधोमध थोडी खाली गेली होती.

नवार नवीन आवळली की बसतेच जरा, असं त्यानं ठरवलं.

३

दुपारी चारला हिमानीचा फोन यायचा. दोन वाक्यं ती बोलायची आणि मग फोन आईकडे द्यायची.

"कुंड्या फिरवल्या का?" सरुबाईचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं.

"फिरवल्या. तू कशी आहेस?"

"तपासण्या चालल्यात. पाय फार गार पडतात हो."

"तिथं एसी असेल."

"तसे नाही. ओल्या मातीत ठेवल्यासारखे. पाणी जास्त घालताय का तुम्ही?"

मोतीलालनं दारातून ओल्या कुंड्यांकडे पाहिलं. त्या दिवशी ऊन कडक वाटलं म्हणून त्यानं दोनदा पाणी घातलं होतं.

"इथं औषधानं सारखी झोप येते," ती सांगत राहिली. तिचा आवाज लांबून आणि मऊ येत होता. "डोळा लागला की मी आपल्या खाटेवर बसलेली असते. खिडकीतून सगळं दिसतं. जास्वंदीला आतल्या फांदीवर कळी आलीय, नाही?"

तो फोन कानाला लावूनच अंगणात गेला. जास्वंदीला कळी नव्हती, हे त्यानं सकाळीच पाहिलं होतं. त्यानं पानं बाजूला केली. खिडकीकडच्या अंगाला, आतल्या फांदीवर, बाहेरून कधीच दिसली नसती अशी एक लाल टोकाची कळी होती.

"आलीय," तो म्हणाला.

"सांगितलं ना."

जास्वंदीला कळी येतेच. कोणीही सांगेल. असं त्यानं त्या संध्याकाळी कितीतरी वेळा स्वतःला समजावलं. पण त्या दिवसापासून मागच्या खोलीत जाताना तो दाराशी थोडा खाकरायचा, आत बाईमाणूस असलं की करतात तसा.

४

ऑपरेशनच्या दिवशी आठ वाजता हिमानीचा फोन आला. "बाबा, आईला आत नेलं. दोन-तीन तास लागतील. तुम्ही काहीतरी खाऊन घ्या."

त्यानं खाल्लं नाही. माग चालू होते. त्याचे पाय त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि तिथं त्याला वेल दिसला.

गिलक्याला चढायला पत्र्यावर सुतळ्या बांधलेल्या होत्या. तिकडे ऊन होतं, वारा होता. एक फांदी ते सगळं सोडून खाली उतरली होती, खिडकीच्या गजांतून आत आली होती आणि तिचा शेंडा उशीच्या बाजूला अधांतरी हलत होता. काहीतरी धरायला शोधत होता. नवार मधोमध चांगलीच खोल गेली होती.

मोतीलाल खाटेजवळ जमिनीवर बसला. इंदूरला कुठल्यातरी खोलीत तिची छाती उघडली असेल, हा विचार त्याला सहन होईना.

साडेदहाच्या सुमाराला लाईट गेली. माग थांबले. एकाएकी सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी गप्प झाली.

त्या शांततेत खाट करकरली. फार नाही. बसलेलं माणूस एक मांडी बदलून दुसरी घालतं, तेवढीच.

मोतीलालनं वर पाहिलं नाही. त्याला भीती वाटली, पण त्या भीतीपेक्षा दुसरी भीती मोठी होती. ती इथं असेल तर निदान ती आहे. इथून उठली तर कुठं जाईल?

"सरू," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "भिऊ नको. कुठं जाऊ नकोस. इथंच बस. मी आहे ना."

वेलाचा शेंडा अजून हलत होता. खिशात नेहमी असायचं तसं सूत होतं. त्यानं वेल खाटेच्या पायाशी आणला आणि बांधला. बांधायचं असं त्याच्या मनानं ठरवण्याआधीच हातांनी बांधून टाकलं. गाठही हातांनी सवयीचीच मारली, मागावरची. तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायची ती गाठ, तांदळाच्या दाण्याएवढी. ती सरकत नाही. जितकी ओढावी तितकी घट्ट होते.

मग त्याला बरं वाटलं. अगदी उन्हात बसल्यासारखं बरं वाटलं. माग पुन्हा सुरू झाले तरी तो तिथंच बसून राहिला.

५

ऑपरेशन छान झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण सरुबाई जागी होईना. एक दिवस गेला, दोन गेले.

"सगळे रिपोर्ट चांगले आहेत," हिमानी फोनवर रडत होती, "नाडी चांगली, सगळं चांगलं. डॉक्टर म्हणतात, अब उठ जाना चाहिए. मग उठत का नाही ती, बाबा?"

मोतीलाल मागच्या खोलीच्या दारात उभा होता. "उठेल," तो म्हणाला. आत वेलाच्या त्या फांदीला खाटेवरच पिवळं फूल आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरुबाईनं डोळे उघडले. चारला फोन आला.

"बरी आहे मी," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, जवळून येत होता. धाप नव्हती. "जेवले. मऊ भात होता."

"छान. अजून काय?"

"अजून काही नाही."

तो वाट बघत राहिला. ती कुंड्यांबद्दल विचारेल म्हणून त्यानं उत्तरही तयार ठेवलं होतं. थोड्या वेळानं फोन बंद झाला.

अशक्तपणा असेल, असं त्यानं धरलं.

६

महिन्याभरानं हिमानी आईला घरी सोडून गेली. सरुबाईच्या गालांवर रंग आला होता. ती जेवायची, झोपायची, जिना असता तर चढली असती. मागच्या खोलीत मात्र ती गेली नाही.

"तिथं नको. गार वाटतं," एवढंच म्हणाली. तिचं अंथरूण पुढच्या खोलीत पडलं.

दिवसा ती अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसायची आणि समोर बघायची. झाडांकडे बघायची, पण पाहुणे दुसऱ्याच्या घरातल्या फोटोंकडे बघतात तशी. पुदिना पिवळा पडला तरी बोलली नाही. त्यानं मुद्दाम तिच्यासमोर पेलाभर ताक पिऊन टाकलं. ती हसली आणि म्हणाली, "प्या ना, अजून हवं तर घ्या."

मावशी आल्या की झाडं सरळ होतील, असं मंगला म्हणाली होती. ती खुर्चीत बसलेली असायची, अंगणाच्या मधोमध, आणि सगळी झाडं तिला ओलांडून खिडकीत बघायची.

एका सकाळी मंगला आली.

"क्या बात है, मावशी! एकदम फ्रेश! काका तर तुमच्याशिवाय अर्धे झाले होते. झाडांशी बोलायचे. आम्ही म्हटलं, आता काकांनाच इंदूरला न्यायला लागतं."

सरुबाई हसली. खिडकीच्या चौकटीपाशी, बाहेरच्या अंगाला, वेलाला बोटभर कोवळं गिलकं लागलं होतं. अजून फूलही गळलं नव्हतं.

"ते बघ," ती मंगलाला म्हणाली, "किती छान लागलंय."

आणि तिनं बोट दाखवलं. सरळ.

मंगला "हां, मस्त," म्हणून पुढं काहीतरी बोलत राहिली. मोतीलालच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी त्याच्या पायांवर सांडत राहिलं. तेवढ्यात लाईट गेली. माग थांबले.

त्यानं खिडकीकडे पाहिलं. गजांमागे पानांची दाटी होती, त्यामागे खोलीतला अंधार. त्या पानांमधून काहीतरी पुढे आलं होतं. एक बोट. मधल्या पेरात वाकलेलं. ते त्याच गिलक्याकडे दाखवत होतं, सरळ बोटानं बिघडलेलं सावरून घ्यावं तसं.

मग वारा आला, पानं हलली, आणि पानंच होती.

तिसऱ्या दिवशी गिलकं पिवळं पडून मऊ झालं होतं.

७

त्यानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. वेल जाड झाला होता आणि सूत सालीत रुतलं होतं. विळा लावला असता तर वेलच तुटला असता. मग आत जी बसली होती तिचं काय झालं असतं, हे त्याला कोणी सांगितलं असतं? हिमानी म्हणाली असती, बाबा थकलेत. मंगलानं औषधाचं नाव लिहून दिलं असतं. झाडांचं काही अडलं की तो जिला विचारायचा, ती तर खाटेवर होती, आणि तिला तिथं त्यानंच बांधलं होतं. इथंच बस, असं तोच म्हणाला होता.

म्हणून तो विणकराच्या हातांनी कामाला लागला. रोज गाठीवर गोडेतेलाचा एक थेंब. रोज सुईच्या टोकानं सुताचा एखादा तंतू. सूत तीनपदरी होतं. पहिला पदर सुटायला आठ दिवस लागले. काम करताना तो जमिनीकडे बघूनच बोलायचा.

"माझं चुकलं, सरू. मी घाबरलो होतो. तुझी जागा बाहेर आहे. बसलीय बघ उन्हात. तिला तुझी गरज आहे. मलाही आहे, पण ते राहू दे."

आणि रविवारी तो कुंड्या फिरवायचा. उन्हाकडे नाही. खुर्चीकडे. एकदम नाही, पाव फेरा. पहिल्या रविवारी फिरवल्या त्या बुधवारपर्यंत परत खिडकीकडे झुकल्या. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी फिरवलेली तुळस गुरुवारपर्यंत टिकली, मग तीही वळली. तो रागावला नाही. रोज सकाळी सरुबाईची खुर्ची मात्र तो चार बोटं खिडकीजवळ सरकवायचा. ती काही म्हणायची नाही. कधीकधी तिच्या पायांना गार लागायचं, मग तो शाल आणून द्यायचा.

शेवटचा पदर चौथ्या शनिवारी सुटला. वेलावर गाठीच्या जागी खोल पांढरी खूण राहिली, पण वेल जिवंत होता. मोतीलालनं तो कशालाच बांधला नाही. दुसऱ्या दिवशी कुंड्यांचा पाव फेरा केला.

बुधवारी सकाळी तुळस वळली नव्हती. मेथीही नाही. पुदिन्याचे कोवळे शेंडे खुर्चीकडे होते आणि खुर्चीत सरुबाई मान थोडी कलती करून बसली होती, दूरवर कोणीतरी बोलतंय ते ऐकत असल्यासारखी.

तो पुदिन्याजवळ उकिडवा बसला. त्याची पाठ मागच्या खोलीच्या दाराकडे होती.

"त्याला..." सरुबाई म्हणाली, आणि थांबली. शब्द शोधत होती. "त्याला पाणी जास्त झालं."

"झालं," मोतीलाल म्हणाला. "चुकलं माझं."

तिनं हात उचलला. बोट पुदिन्याच्या पलीकडे गेलं, वेलाला आलेल्या नव्या कोवळ्या गिलक्याकडे. सरळ होतं. मग ते थरथरलं, आणि मधल्या पेरात थोडंसं, अगदी थोडंसं वाकलं. लहान मूल पहिल्यांदा पेन्सिल धरतं तसं.

लाईट गेली. माग थांबले.

मागच्या खोलीत खाट करकरली. या वेळी ती बराच वेळ करकरली, आणि मग नवारीवरचं वजन उतरल्यावर होतो तसा बारीकसा आवाज झाला. जमिनीवर एक पाऊल पडलं. अनवाणी, ओलसर. थोड्या वेळानं दुसरं. मग दाराच्या बाजूला तिसरं.

सरुबाईची नजर हळूहळू मोतीलालच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथंच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. ती घाबरली होती, की कोणाला ओळखत होती, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

मागे वळून बघावं असं त्याला फार वाटलं. पण रोपाची जागा बदलली, की मूळ धरलं का ते उकरून बघायचं नसतं. त्यानं पुदिन्याच्या कुंडीत बोट घातलं, दोन पेरं, आणि ते तसंच ओल्या मातीत ठेवून तो बसून राहिला. त्याच्या पाठीमागून पावलं उंबऱ्यापर्यंत आली.